बेट्टी डेव्हिस कशी बघावी: एका करारनामे वाचणारीची पद्धत

बेट्टी डेव्हिस मला पहिल्यांदा भेटली ती पडद्यावर नाही, कायद्याच्या पुस्तकात. तिथे तिचं नाव नेल्सन होतं. ‘वॉर्नर ब्रदर्स विरुद्ध नेल्सन’, १९३६ सालचा लंडनचा खटला. करारांचा कायदा शिकताना हा निकाल यायचाच, आणि मी तो परीक्षेपुरता घोकला होता: माणसाकडून जबरदस्तीने चाकरी करून घेता येत नाही, पण ‘तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं काम करणार नाही’ असं त्याने लिहून दिलं असेल, तर दुसरीकडे जाण्यापासून कोर्ट त्याला अडवू शकतं. ही नेल्सनबाई कोण हे मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बऱ्याच वर्षांनी कळलं की हार्मन नेल्सन हा तिचा तेव्हाचा नवरा, आणि निकालातली प्रतिवादी म्हणजे हॉलिवूडची ती मोठ्या डोळ्यांची नटी.

आता माझा सगळा दिवस करारनामे वाचण्यात जातो. त्यामुळे असेल, पण स्टुडिओच्या काळातल्या नटीचे सिनेमे कसे बघावेत याची माझी एक पद्धत बसली आहे. ती सांगते. उदाहरणाला बेट्टी डेव्हिसच घेते, कारण तिच्या चित्रपटांच्या यादीत त्या व्यवस्थेची जवळजवळ सगळी कलमं सापडतात.

आधी माझी चूक सांगते. मी सुरुवात केली ती गाजलेल्या सिनेमांपासून. तिला अभिनयासाठी ऑस्करची दहा नामांकनं होती, तेव्हा तेच दहा ओळीने बघायचे ठरवले. आठव्याला कंटाळले. पुन्हा एक जिना, पुन्हा एक आजारपण, पुन्हा ते डोळे. बाई चांगली आहे, पण एवढं कौतुक कशाचं, असं वाटून सोडून दिलं. निकालपत्राचा फक्त शेवटचा परिच्छेद वाचला तर वाद काय होता हे कसं कळणार? तसंच झालं ते. तिने काय काय करायला नकार दिला आणि नकार देता येत नव्हता तेव्हा काय काय केलं, हे बघितल्याशिवाय ती दहा कामं सुटी सुटी दिसतात.

म्हणून पहिलं काम: एक वही घ्या. कॉम्प्युटरवर तक्ता केलात तरी चालेल, पण वही बरी, शेजारी उघडी ठेवता येते. रकाने असे: साल, स्टुडिओ, दिग्दर्शक, छायालेखक, कपडे कुणाचे, टायटलमध्ये हिचं नाव कितवं, सिनेमाची लांबी किती मिनिटं, आणि शेवटी एक रुंद रकाना, ज्यावर मी नुसतं ‘का?’ लिहिलं आहे. सिनेमा बघण्याआधी पहिले सगळे भरायचे, शेवटचा बघून झाल्यावर. कथेचा सारांश लिहीत बसू नका, तो कुठेही मिळतो.

लांबीचा रकाना लोकांना उगाच वाटतो. मला तो सगळ्यात बोलका वाटतो. तासाभरात उरकलेला सिनेमा म्हणजे आठवड्याचा रतीब. स्टुडिओने जिच्यावर पावणेदोन तास खर्च केले, तिच्याबद्दल त्यांचं मत बदललेलं असतं. ‘थ्री ऑन अ मॅच’ (१९३२) ६३ मिनिटांचा, ‘फॉग ओव्हर फ्रिस्को’ (१९३४) ६८ मिनिटांचा. ‘जेझबेल’ (१९३८) १०४ मिनिटांचा आणि ‘नाऊ, व्हॉयेजर’ (१९४२) ११७ मिनिटांचा. वहीत हे आकडे एकाखाली एक आले की वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

करारात काय असायचं तेही आधीच ठाऊक असू द्या, म्हणजे ‘का?’चा रकाना भरता येईल. ठरलेला करार सात वर्षांचा. पण ती सात वर्षं नटीला बांधणारी, स्टुडिओला नाही. ठरावीक काळाने करार पुढे चालवायचा की संपवायचा, हा पर्याय फक्त स्टुडिओच्या हातात. भूमिका कोणती करायची हे स्टुडिओ ठरवणार. नको म्हटलं तर बिनपगारी निलंबन, आणि जितके दिवस निलंबन तितके दिवस कराराच्या शेवटाला जोडायचे. म्हणजे सात वर्षं कधी संपतील ते सांगता येत नसे. दुसऱ्या स्टुडिओला नटी उसनीही देता यायची. त्यासाठी मिळणारी जादा रक्कम आपल्या स्टुडिओच्या तिजोरीत जायची, हिच्या हाती ठरलेला पगारच. माझ्यापुढे असा मसुदा आला असता तर मी अर्ध्या कलमांसमोर लाल फुल्या मारल्या असत्या.

आता बघायला बसा, आणि १९३२ पासून बसा. १९३१ चे युनिव्हर्सलमधले सिनेमे सोडले तरी बिघडत नाही. तिथे तिला कुणी ओळखलंच नाही आणि करार पुढे चालवला नाही. मग जॉर्ज आर्लिस या ज्येष्ठ नटाने ‘द मॅन हू प्लेड गॉड’साठी तिला घेतलं आणि तिथून ती वॉर्नरमध्ये आली. १९३२ या एका सालात वहीत आठ ओळी भरतात. आठ! त्यातल्या ‘सो बिग’मध्ये मुख्य भूमिका बार्बरा स्टॅनविकची आहे, डेव्हिस उत्तरार्धात थोडी दिसते.

आठही बघू नका, मी बघितले, गरज नव्हती. ‘थ्री ऑन अ मॅच’ मात्र जरूर बघा, तोही मन लावून, कारण त्यात ती काहीच करत नाही. शाळेतल्या तीन मैत्रिणी मोठेपणी भेटतात आणि एका काडीवर तिघी सिगरेट पेटवतात. तिसरी लवकर मरते अशी समजूत. जोन ब्लाँडेलच्या वाट्याला बिघडून सुधारलेली मुलगी आली आहे, अ‍ॅन ड्व्होरॅकच्या वाट्याला सगळं घसरत जाणं, व्यसन, आईपण, शेवट. डेव्हिसच्या वाट्याला? टायपिस्ट. केस पांढुरके सोनेरी केलेले, दोघी बोलत असताना ती ऐकते. एका जागी विराम घेऊन फक्त तिच्याकडे बघा. ऐकतानाही ती स्वस्थ नाही, नजर एकीकडून दुसरीकडे फिरते आहे, कुणी आपल्याला काही विचारेल का, याची वाट बघितल्यासारखी. कुणी विचारत नाही. माझ्या वहीत त्या ओळीच्या ‘का?’ मध्ये लिहिलंय: ‘पगार चालू होता म्हणून.’

त्यानंतर थेट १९३४. इथे वहीत स्टुडिओच्या रकान्यात पहिल्यांदा लक्षात राहील असं दुसरं नाव येतं: आरकेओ. ‘ऑफ ह्यूमन बाँडेज’मधली मिल्ड्रेड ही भूमिका नावाजलेल्या नट्यांना नको होती, इतकी ती बाई कडवट आहे. डेव्हिसने महिनोन्‌महिने मागे लागून वॉर्नरकडून स्वतःला उसनं देऊन घेतलं. या सिनेमाचे कॉपीराइट पुढे नूतनीकरण न झाल्यामुळे त्याच्या गल्लोगल्ली प्रती झाल्या आहेत आणि बऱ्याचशा इतक्या पुसट आहेत की चेहरा म्हणजे पांढरा ठिपका. थोडा शोध घेऊन स्वच्छ केलेली प्रत मिळवा. मी पहिल्यांदा खराब प्रत बघितली आणि तिच्या अभिनयाला भडक म्हणून मोकळी झाले. चांगल्या प्रतीत दिसलं की ती मिल्ड्रेडला कुठेही सुंदर दिसू देत नाही. आजारपणात तर अजिबात नाही. त्या काळी नटीने शेवटच्या श्वासापर्यंत ओठ रंगवलेले असायचे.

त्या वर्षी तिला नामांकन मिळालं नाही तेव्हा इतकी ओरड झाली की मतपत्रिकेवर नाव लिहून मत द्यायची मुभा द्यावी लागली. तरी बक्षीस क्लॉडेट कोल्बर्टला गेलं. पुढच्या वर्षी ‘डेंजरस’साठी डेव्हिसला मिळालं ते आदल्या वर्षीची भरपाई म्हणून, असं ती स्वतःच म्हणायची. ‘डेंजरस’ बघितलात तर पटेल.

जाता जाता एक गोष्ट नोंदवा. १९३४ च्या जुलैपासून सेन्सॉरची नियमावली कडक अमलात आली. त्याआधीच्या आणि नंतरच्या ओळींमध्ये वहीत एक रेघ मारा. रेघेच्या वरच्या बायका चुका करून कधी कधी सुटतात, खालच्या सुटत नाहीत. हे पुढे ‘द लेटर’च्या शेवटाला कामाला येईल.

आणि आता माझा लाडका भाग: १९३६ चा उन्हाळा ते १९३७ चा वसंत. इथे वहीत ओळच नाही. जुलै १९३६ मध्ये ‘सेटन मेट अ लेडी’ आला. ही एकच गुप्तहेर-कथा वॉर्नरने दहा वर्षांत तीनदा काढली, १९३१, १९३६ आणि १९४१ मध्ये, आणि डेव्हिसच्या वाट्याला आला तो मधला, तिघांतला सगळ्यात पडेल. त्यानंतर दिलेली पटकथा तिने नाकारली, निलंबित झाली आणि इंग्लंडला जाऊन तिथल्या निर्मात्याशी करार करून बसली. वॉर्नरने लंडनमध्ये मनाई हुकूम मागितला. त्यांचे वकील सर पॅट्रिक हेस्टिंग्ज यांनी तिला कोर्टात खोडकर मुलीच्या पंक्तीत बसवलं. न्यायमूर्ती ब्रॅन्सन यांनी हुकूम दिला. त्यांचं म्हणणं असं, की ही बाई हुशार आहे, अभिनय सोडून दुसरं काही करूनही ती पोट भरू शकेल. तेव्हा तिला उपासमारीची भीती घालून वॉर्नरकडे ढकलल्यासारखं होत नाही.

विद्यार्थिनी असताना मला हा युक्तिवाद बिनतोड वाटला होता. आता ‘थ्री ऑन अ मॅच’मधली टायपिस्ट आठवते आणि हसू येतं.

ती परत गेली. इथे बहुतेक लेखक लिहितात की ती खटला हरली पण लढाई जिंकली, चांगल्या भूमिका मिळू लागल्या. मी एवढ्यावर विश्वास ठेवत नाही, कारण वही पुढे आहे: १९३७ मध्ये पुन्हा चार सिनेमे. कामाचा रेटा तोच. बदललं ते हे, की टायटलमध्ये नाव वर गेलं आणि ‘मार्क्ड वुमन’सारखी पटकथा हातात आली. १९३८ मध्ये ओळी दोनवर येतात आणि दिग्दर्शकाच्या रकान्यात विल्यम वायलर हे नाव येतं.

वायलरबरोबरचे तीन सिनेमे एका आठवड्यात बघा, त्यात दुसरं काही मिसळू नका: ‘जेझबेल’ (१९३८), ‘द लेटर’ (१९४०), ‘द लिटल फॉक्सेस’ (१९४१). माझी ताई हे बघायला शेजारी बसायची. तिला करारात काडीचा रस नाही, तिला कपड्यांचं. ‘जेझबेल’मध्ये १८५२ च्या न्यू ऑर्लीन्समधल्या नाचाला अविवाहित मुली पांढऱ्या पोशाखात जातात, ही हट्टाने लाल घालून जाते. सिनेमा कृष्णधवल! ताई म्हणाली, “लाल कुठाय गं? काळपट दिसतोय.” दुसऱ्या दिवशी मात्र फोनवर कुणाला तरी सांगत होती, “काय तो लाल पोशाख!” ऑरी-केलीचा कपडा, अर्नेस्ट हॉलरचा प्रकाश आणि आजूबाजूला मागे सरणाऱ्या सगळ्या पांढऱ्या मुली. नाच थांबवावा असं आता हिलाच वाटतंय आणि हेन्री फाँडा थांबू देत नाही. या जागी तिचे खांदे बघा, चेहरा नंतर.

‘द लेटर’ची पहिली तीनेक मिनिटं तीनदा बघायची. हा गृहपाठ समजा. मलायातला रबराचा मळा, चांदणी रात्र. झाडाच्या खाचेतून चीक वाडग्यात ठिबकतोय, मजूर झोपलेत, कॅमेरा सावकाश सरकतो, कुठे घाई नाही. गोळीचा आवाज. पांढरा काकाकुवा उडतो. माणूस लडखडत पायऱ्यांवर येतो, मागून बाई येते आणि झाडत राहते, पिस्तूल रिकामं होईपर्यंत. पहिल्यांदा सरळ बघा. दुसऱ्यांदा आवाज बंद करून. मॅक्स स्टायनरचं संगीत काढलं की कळतं की दृश्य तसंही उभं राहतं. तिसऱ्यांदा फक्त तिचा हात बघा. गोळ्या झाडताना तो ताठ आहे, आणि गोळ्या संपल्यावर लगेच खाली पडत नाही, हळूहळू सैल होतो. चेहऱ्यावर राग नाही, भीती नाही. मग ढग चंद्राला झाकतो आणि पुन्हा मोकळा करतो. पुढचा दीड तास ती जी हकिगत सांगत राहते, ती खोटी असणार हे त्या हाताने आधीच सांगून ठेवलंय. हीच कथा १९२९ मध्ये पॅरामाउंटने जीन ईगल्सला घेऊन काढली होती. तो सापडला तर लगोलग बघा. तिथली बाई शब्दांनी बोलते, आणि काय बोलते! डेव्हिसने ते सगळं आतल्या आत ठेवलंय. आणि शेवट बघताना मघाची १९३४ ची रेघ आठवा. खून केलेली बाई सुटून जाणं नियमावलीत बसत नव्हतं.

‘द लिटल फॉक्सेस’च्या ओळीत स्टुडिओचं नाव पुन्हा बदलेल: सॅम्युअल गोल्डविन. ही उसनवारी मोठी मजेदार. गोल्डविनकडचा गॅरी कूपर वॉर्नरला ‘सार्जंट यॉर्क’साठी हवा होता, बदल्यात डेव्हिस तिकडे गेली. माणसांची अदलाबदल, करारात ‘सेवा’ असा शब्द घालून. छायालेखक ग्रेग टोलंड. नवऱ्याला हृदयविकाराचा झटका येतो, औषधाची बाटली फुटते, दुसरी वर खोलीत आहे. तो तिच्याकडे बघतो. ती बसून राहते. तो तिच्या मागून धडपडत जिन्याकडे जातो, आणि कॅमेरा त्याच्यामागे जात नाही. तो मागे धूसर होत जातो, पुढे हिचा पांढराफटक चेहरा लख्ख. इथे तुमची नजर त्याच्याकडे खेचली जाईल. खेचली जाऊ द्या. दुसऱ्या वेळी तिच्यावर ठेवा. ती वळून न बघण्यासाठी किती श्रम घेते आहे ते मानेवर दिसतं. त्या पांढऱ्या मेकअपवरून तिचं वायलरशी वाजलं आणि पुन्हा दोघांनी कधी एकत्र काम केलं नाही.

‘नाऊ, व्हॉयेजर’ त्यानंतर. तो ताईचा सिनेमा आहे, तेव्हा तिचंच सांगते. सुरुवातीला शार्लट, म्हणजे डेव्हिस, दिसतच नाही. आधी हस्तिदंती डबी कोरणारे हात, मग जिना उतरता उतरता थबकलेले पाय. मग जाड भुवयांची, चष्म्याची, आईने दाबून ठेवलेली मुलगी. पुढे जहाजावर सगळे कुणाची तरी वाट बघतायत आणि कॅमेरा बुटांपासून वर चढत जातो: बूट, पोशाख, रुंद काठाची टोपी, तिच्या सावलीत अर्धा चेहरा. मी लिहून घेणार होते, ‘कायापालट’. ताई म्हणाली, “नीट बघ, टोपीआड लपलीय ती. सुंदर झालीय हे हिला अजून माहीत नाही.” माझ्या वहीत ती ओळ ताईच्या अक्षरात आहे.

मधले बरेच सिनेमे मी गाळते आहे. ‘एलिझाबेथ अँड एसेक्स’ (१९३९) रंगीत आहे आणि ३१ वर्षांच्या डेव्हिसने म्हाताऱ्या राणीसाठी कपाळावरचे केस काढून टाकले होते, एवढ्यासाठी बघायचा तर बघा. १९४४ नंतर वॉर्नरमधली उतरण लागते. ‘बियाँड द फॉरेस्ट’ (१९४९) करता करता तिने सुटका मागितली आणि मिळाली. अठरा वर्षं होत आली होती.

लगेच पुढची ओळ लिहा: १९५०, ट्वेंटिएथ सेंच्युरी-फॉक्स, ‘ऑल अबाउट ईव्ह’. ही भूमिका क्लॉडेट कोल्बर्टची होती. तिची पाठ दुखावली म्हणून डेव्हिसकडे आली. तीच कोल्बर्ट, १९३५ मध्ये बक्षीस घेऊन गेलेली. अठरा वर्षांच्या ओळी भरलेल्या असतील तर चाळिशीतली नटी आरशासमोर मेकअप पुसताना बघणं वेगळंच वाटतं. मी आधी ती नामांकनं ओळीने बघत होते तेव्हा हाच सिनेमा मला नुसता चटपटीत संवादांचा वाटला होता.

हे जमलं की वहीचं नवं पान उलटा आणि ‘इन धिस अवर लाइफ’ (१९४२) पुन्हा काढा. त्यात डेव्हिसची बहीण झाली आहे ऑलिव्हिया डी हॅव्हिलंड. आता तिची यादी करा, तेच रकाने. तिचा वॉर्नरशी करार १९४३ मध्ये संपत होता. स्टुडिओ म्हणाला, निलंबनाचे महिने भरून द्यायचे बाकी आहेत. ती कॅलिफोर्नियाच्या कोर्टात गेली. सात वर्षं म्हणजे कॅलेंडरची सात वर्षं, असा निकाल डिसेंबर १९४४ मध्ये अपील कोर्टाने दिला. त्या मधल्या काळात वॉर्नरने बाकी स्टुडिओंना पत्रं धाडली होती, त्यामुळे तिला कुणी काम देईना. १९४४ च्या पुढे काही लिहू नका, ओळ रिकामी ठेवा. १९४५ च्या पुढेही. मग १९४६, पॅरामाउंट. आणि १९४९ वर आलात की दिग्दर्शकाच्या रकान्यात पुन्हा वायलर लिहाल. सिनेमा ‘द एअरेस’. शेवटच्या दृश्यात ती दाराला कडी घालायला लावते आणि दिवा घेऊन जिना चढू लागते, बाहेर तो दार ठोठावत असतो. तिथे वही मिटून ठेवा आणि नुसतं बघा.